तारेभोवतीची जाळी

१

दुपारची जेवणं आटोपली, भांडी विसळून झाली, की घरातली दोन्ही म्हातारी माणसं बैठकीच्या खोलीत येऊन बसत. अक्का खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत आणि प्राध्यापक समोरच्या दिवाणावर. अक्का ही त्यांची थोरली बहीण. काचबिंदूनं तिची नजर कुरतडत कुरतडत संपवली होती. आता तिला उजेड आणि अंधारही वेगळे कळत नसत. कान मात्र असे, की दूध वर यायच्या आधीच ती या खोलीतून हाक मारायची, "बाळ, गॅस!" पंचाहत्तरीला टेकलेल्या प्राध्यापकांना बाळ म्हणणारं जगात आता तेवढं एकच माणूस उरलं होतं.

कोपऱ्यात लाकडी शेल्फ होतं. वरच्या फळीवर रेकॉर्ड प्लेअर, खालच्या फळीवर अँप्लिफायर आणि दोन्ही अंगांना गुडघ्याएवढाले स्पीकर. प्राध्यापक रेकॉर्ड लावत, अक्का ऐके आणि पहिलं गाणं संपायच्या आत प्राध्यापकांचा डोळा लागे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

अलीकडे मात्र दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत एक आवाज येऊ लागला होता. घुंऽऽ असा, जाडसर, बाटलीत कोंडलेल्या भुंग्यासारखा. प्राध्यापकांनी आधी स्वतःवरच संशय घेतला. तो त्यांचा स्वभावच होता. किल्ली सापडेनाशी झाली, तर चोरावर आळ घेण्याआधी ते स्वतःच्या डोक्यावर घेत. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बारीक आवाज तुम्हाला आता ऐकू येणार नाहीत. नसलेले आवाज ऐकू येतील का, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"अक्का, काही घुमल्यासारखं ऐकू येतं का गं तुला?"

"येतं की."

"कधीपासून?"

"तुझ्या आधीपासून."

"मग बंद करतो. गाणं तर संपलंय."

"नको." ती इतक्या झटकन म्हणाली, की अर्धवट उठलेले प्राध्यापक तसेच थांबले. "असू दे चालू. सोबत होते."

घुं घुं करणाऱ्या यंत्राची सोबत! पण प्राध्यापकांनी वाद घातला नाही. काही आठवड्यांपूर्वी ते बाजारातून परतले, तेव्हा अक्का याच खुर्चीत वाकडी होऊन पडली होती, ओठ निळसर आणि छाती भात्यासारखी चाललेली. डॉक्टरांनी हृदयाकडे बोट दाखवलं, गोळ्या दिल्या, मधूनमधून तपासायला या म्हणाले. त्या दिवसापासून ती अँप्लिफायर बंद करू देत नव्हती. आजारी माणसाचे हट्ट असतात, असं प्राध्यापकांनी मनाला समजावलं. अक्काला काही झालं तर, या वाक्याच्या पुढे त्यांचं मन कधी जातच नसे.

२

बिघाड शोधायचा असेल, तर एकेक गोष्ट वगळत जायचं, असं ते विद्यार्थ्यांना जन्मभर सांगत आले होते. त्यांनी तेच केलं. अँप्लिफायरला जोडलेल्या रेडिओची वायर काढली, आवाज तसाच. स्पीकर हलवले; तसाच. प्लग दुसऱ्या भिंतीत लावला, तसाच. शेवटी रेकॉर्ड प्लेअरकडून येणारी बारीक वायर उपटली आणि घुं एकदम थांबलं.

अक्कानं खुर्चीचे हात घट्ट धरले. "बाळ!"

"इथंच आहे मी. शेल्फापाशी."

"लाव ती परत. आधी लाव."

लावली. घुं सुरू झालं, तशी तिची बोटं सैल पडली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. गाण्याबजावण्याची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. सगळे त्याला कानसेन म्हणत आणि त्यालाही ते आवडे.

"सर, तुम्ही तर विजेचे प्राध्यापक. तुम्हाला नाही सापडलं?"

"मी फळ्यावरची वीज शिकवली रे. ती कधी घुमत नाही."

कानसेन हसला. त्यानं वायर बोटांत धरून वाकवली, उलटसुलट पाहिली. "ही बघा. आतल्या तारेभोवती बारीक जाळी असते, बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून. ती इथं तुटलीय. आता ही उघडी तार म्हणजे काय, माणसाचं अंग जवळ आलं की लगेच ओरडणार." त्यानं पंजा वायरीजवळ नेला. घुं फुगलं. पंजा मागे घेतला. घुं उतरलं. पुन्हा नेला, पुन्हा फुगलं. "बघितलंत? घरात कुत्रा पाळायला नको."

"मग राहू दे की तशीच," अक्का खुर्चीतून म्हणाली. "भुंकतो म्हणून कुत्र्याला कुणी दुरुस्त करतं का?"

दोघेही पुरुष मनापासून हसले. अक्का हसली नव्हती, हे प्राध्यापकांच्या नंतर लक्षात आलं.

दाराशी कानसेन हळूच म्हणाला, "अशी वायर माझ्याकडे आत्ता नाही. मिळाली की येतो."

३

शंका फिटली, कारण सापडलं. आता झोप यायला हरकत नव्हती. पण त्या दुपारी प्राध्यापक दिवाणावर डोळे मिटून पडले असताना घुं फुगलं.

त्यांनी डोळे उघडले. अक्का खुर्चीत होती. ते स्वतः दिवाणावर होते. शेल्फापाशी कुणी नव्हतं.

फ्रिज, ते मनाशी म्हणाले. उठून फ्रिजचा प्लग काढून आले. घुं फुगलेलंच होतं. लिफ्ट असेल. जिन्यात जाऊन पाहिलं, लिफ्ट तळमजल्यावर निवांत उभी होती. पाण्याचा पंप असेल, शेजाऱ्यांचं काहीतरी असेल. कारणांना काय तोटा? माणूस शिकलेला असला, की त्याच्यापाशी भीतीपेक्षा कारणं नेहमी जास्त असतात.

पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. पंप सुरू झाला तर आवाज एकदम चढेल. हा तसा चढत नव्हता. थोडा चढे, थबके, आणखी थोडा चढे. त्यांनी स्वतः दिवाणापासून शेल्फापर्यंत पावलं टाकत जाऊन पाहिलं. अगदी तसाच आवाज झाला. प्रत्येक पावलाला एक पायरी.

"बाळ," अक्कानं विचारलं, "शेल्फापाशी तू आहेस का?"

"हो."

"बरं." तिनं श्वास सोडला.

हा प्रश्न ती अलीकडे सारखा विचारत असे. ते आंघोळीला गेलेले असोत, चहा करत असोत, हाक यायची, "शेल्फापाशी तू आहेस का?" आणि ते आतून ओरडायचे, "नाही गं, मी इकडे!" मग बैठकीतून काहीच उत्तर येत नसे. एकदा ते पंचा गुंडाळून बघायला आले होते. अक्का पाठ भिंतीला चिकटवून, ओठ मिटून बसली होती आणि तिचा हात नाकापुढे होता, शिंक दाबताना धरतात तसा.

तेव्हा त्यांनी हिशोब मांडला तो असा: आवाज वाढतो, तशी अक्का दचकते, दचकणं हृदयाला वाईट, म्हणून आवाज जायला हवा. ती नको म्हणते, पण ती तर गोळ्यांनाही नको म्हणते. हिशोब बरोबर होता. प्रत्येक पायरी तपासून पाहिली, तरी त्यात चूक सापडली नसती.

४

प्राध्यापकांची लेक अक्काला तपासणीला घेऊन गेली, त्या दिवशी त्यांनी कानसेनला बोलावलं.

"आत्याला चिडवू नका हं बाबा," लेक निघताना म्हणाली होती. "आल्यावर पडू दे तिला जरा."

"मी कशाला चिडवू? आल्यावर खूश होईल ती." लहानपणी अक्काची बाहुली चिकटवून तिच्या उशाशी ठेवली होती, तेव्हासारखंच त्यांना वाटत होतं.

कानसेननं नवी वायर जोडली, एक रेकॉर्ड लावून दाखवली. गायिकेनं श्वास घेतलेला ऐकू आला. तंबोरा खोलीतच ठेवल्यासारखा वाटला. गाणं संपलं आणि मागे शांतता उरली. नितळ, विहिरीच्या तळाशी असावी तशी.

"हात न्या जवळ," कानसेन म्हणाला.

प्राध्यापकांनी नेला. काही नाही. पूर्ण पंजा वायरीवर ठेवला. काहीच नाही.

"झकास जाळी आहे. आता हत्ती येऊन उभा राहिला, तरी पत्ता लागायचा नाही." स्वतःच्या विनोदावर हसत त्यानं जुनी वायर पिशवीत कोंबली. "तांबं कामाला येतं," म्हणाला आणि गेला.

प्राध्यापक एकटेच बसून ती शांतता ऐकत राहिले. आधी बरं वाटलं. मग त्यांना वाटू लागलं, की खोली नेहमीपेक्षा भरलेली आहे. पाहुणा येऊन गप्प बसला, की भरते तशी. 'आपण थकलोय,' ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले आणि बोलल्याचा त्यांना पस्तावा झाला. आपण इथं आहोत, हे उगाच कुणाला तरी सांगून बसल्यासारखं वाटलं.

५

लेकीनं आत्याला दारात सोडलं. "रिपोर्ट चांगला आहे बाबा! मी औषधं घेऊन येते खालून," म्हणत ती तशीच जिना उतरली.

अक्का उंबऱ्यावरच थांबली. तिची काठी आत आली नाही.

"का बंद केलंस?"

"बंद कुठे? चालूच आहे. हीच तर गंमत! वायर बदलून घेतली. आता सुई टेकेपर्यंत टाचणीएवढाही आवाज नाही."

अक्काचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. "गाणं संपून किती वेळ झाला?"

"झाला असेल तासभर. का?"

"म्हणजे तासभर तो मोकळा आहे."

"कोण तो?"

"मला काय दिसतं, बाळ, की नाव-गाव सांगू?" ती अगदी हळू बोलत होती. "गाणं ऐकायला येतो. शेल्फापाशी उभा राहतो. तो तिथं असला, की घुं वाढायचं, मग मला कळायचं. मी हलायची नाही, श्वास दाबून धरायची. गाणं संपलं तरी जरा वेळ तिथंच थांबतो, त्या आवाजाला कान देऊन. मग जातो. आवाज उतरला, की मी सावध. तेवढं एकच माझ्या हातात होतं रे."

"अक्का, हे बघ—"

"तू त्या दिवशी बाजारात जाताना बंद करून गेलास. मी इथं बसलेली. कुणीतरी माझ्या चेहऱ्यावरून बोटं फिरवायला लागलं. कपाळ, डोळे, नाक. मी अनोळखी माणसाला ओळखायला फिरवते ना, तशी. मला वाटलं तूच. म्हटलं, बाळ, किती गार हात तुझे. बोलले आणि त्याला श्वास लागला माझा. बोटं तोंडाशी आली. श्वास कुठून येतो, ते शोधलं त्यानं, आणि सापडल्यावर तिथं पंजा ठेवला. मग उचललाच नाही." ती थांबली. "तेवढ्यात तुझी किल्ली वाजली."

ते निळे ओठ प्राध्यापकांनी स्वतः पाहिले होते.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं असतंस."

खरं होतं. तेच केलं असतं. आत्ताही मनाचा एक कोपरा त्या डॉक्टरचं नाव आठवत होता.

"लेकीकडे गेलो असतो आपण. घर सोडलं असतं."

"पुराव्याशिवाय? तू? आणि मी एकटी गेले असते, तर इथं कोण उरलं असतं? दुपारी तोंड उघडं टाकून घोरतोस, मेल्या." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "आता कुठे आहे तो?"

"मला कसं कळणार?"

"तेच तर म्हणतेय मी," अक्का म्हणाली. आणि तिनं पाऊल आत टाकलं.

"अगं, तू बाहेर थांब!"

"तू आत आहेस ना."

ती भिंतीला हात लावत त्यांच्याकडे यायला लागली. खुर्ची तिच्या आणि त्यांच्या मध्ये होती. खुर्चीपाशी आल्यावर तिचा पाय अडखळला आणि तिचा चेहरा डाव्या बाजूला वळला, जिथं काहीच नव्हतं. तिनं ओठ घट्ट मिटले. नाकपुड्या आवळल्या.

६

प्राध्यापकांच्या डोक्यात तेव्हा एकच विचार स्पष्ट होता. गाणं लावलं तर तो शेल्फाकडे येईल. पण आला हे कळायला घुं हवं. ते कळेपर्यंत अक्कानं श्वास घ्यायचा नाही, आणि ती किती वेळ थांबू शकेल?

ते शेल्फाशी पोचले. जाळी सोलायला कात्री घेतली. ती जरा जास्तच दाबली गेली आणि वायर आरपार तुटली. पुस्तकातली वीज शिकवणाऱ्या माणसाच्या हातून दुसरं काय होणार? त्यांनी जाळीची टोकं एकमेकांत पिळली, ती टिकली. आतली केसाएवढी तार मात्र पीळ धरेना. त्यांनी तिची दोन्ही टोकं रुमालातून चिमटीत दाबली. स्पीकरमधून घुं उमटलं. बारीकसं, एका माणसाएवढं. ते स्वतः.

दुसऱ्या हातानं त्यांनी सुई टेकवली, ती घाईत शेवटच्या गाण्यावरच. गाणं सुरू झालं.

ते पाठमोरे होते. रेकॉर्ड प्लेअरचं काळपट झाकण उघडून तिरपं उभं होतं आणि त्यात मागची खोली दिसत होती: खिडकी, तिचे गज, बाहेरचं लख्ख ऊन, खुर्चीला धरून उभी असलेली अक्का. तिच्या बाजूला मधले तीन गज दिसत नव्हते.

त्यांनी वळून पाहिलं. ऊन. सगळे गज जागच्या जागी. अक्का, गाल फुगवलेली, डोळ्यांतून पाणी वाहत असलेली. म्हाताऱ्या डोळ्यांचा दोष, घाणेरड्या झाकणाचा दोष, ते मनाशी म्हणाले आणि पुन्हा झाकणाकडे पाहिलं. आता दुसरे गज दिसत नव्हते. आणि ज्यानं गज झाकले होते, त्याला दोन हात होते. ते पुढे पसरलेले होते. खुर्चीची पाठ, दिवाणाची कड, हवा असं चाचपडत ते येत होतं. गाण्याच्या दिशेनं.

घुं थोडं चढलं. थबकलं. आणखी थोडं चढलं.

एका माणसाएवढं होतं, ते दोघांएवढं झालं.

"अक्का, श्वास घे," प्राध्यापक म्हणाले. आवाज कापू नये म्हणून त्यांनी वर्गात बोलायचे तसा खणखणीत काढला. "तो इकडे आहे. दार तुझ्या उजव्या हाताला. भिंत सोडू नकोस."

तिनं घेतलेला श्वास हुंदक्यासारखा वाजला. "आणि तू?"

"मी आलोच. तू हो पुढे."

"खोटं बोलू नकोस. तुझ्या आवाजावरून कळतं मला."

"अक्का, आयुष्यात एकदा तरी माझं ऐक."

काठी टकटकली. उंबऱ्यावर आली, जिन्यात गेली. खालून लेकीची चप्पल वाजत वर येत होती. "आत्या! बाहेर का उभी तू? बाबा कुठायत?"

"त्याला हाक मार," अक्का म्हणत होती. "पण आत जाऊ नकोस. इथूनच मार."

"बाबाऽ!"

प्राध्यापकांनी उत्तर दिलं नाही. झाकणात आता खिडकी दिसत नव्हती, एकही गज दिसत नव्हता. त्यांच्या चेहऱ्याचा आकार तेवढा दिसत होता, आणि कानामागून पुढे येत असलेली चार बोटं. ती कपाळावर टेकली, तेव्हा ती गार होती; अक्कानं सांगितलं होतं तितकी. प्राध्यापकांनी ओठ मिटून घेतले. बोटं तिथंच थांबली, जशी गाण्यात रमलेल्या माणसाची बोटं कुठंही विसावतात.

ती थांबली होती, ती गाण्यासाठी. चिमूट सुटली, तर गाणं थांबणार होतं, आणि मग त्या बोटांना दुसरं काहीतरी शोधावं लागणार होतं: इथं, किंवा जिन्यात, जिथं दोघी मोठमोठ्यानं श्वास घेत उभ्या होत्या.

"बाळ," अक्का बाहेरून म्हणाली, "ये ना रे."

सुई शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या ओळीवर होती. दुसऱ्या बाजूला आणखी चार गाणी होती. पण रेकॉर्ड उलटायला दोन्ही हात लागतात.